दमवणाऱ्या योगातून शरीराला नेमकं काय मिळतं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. वय ४१, दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत, आणि गेले सात आठवडे, आठवड्यातून चार दिवस, सव्वा तासाचा अष्टांग विन्यास पद्धतीचा, म्हणजे ठरलेल्या क्रमाची आसनं श्वासाच्या तालावर एकामागून एक करण्याचा, वर्ग. घामाने चटई ओली होते, दंड थरथरतात, पण वजनाचा काटा जागचा हललेला नाही. वजनं उचलणारा तुमचा मित्र म्हणतो, योग म्हणजे नुसतं ताणणं. वर्गात शिकवणारे म्हणतात, हे केलं की दुसऱ्या कशाचीच गरज नाही. तर यातलं खरं कोणाचं, आणि एवढ्या कष्टातून शरीराच्या पदरात नक्की काय पडतं?

मी ही पद्धत २३ वर्षं करते आहे आणि त्यातली १५ वर्षं शिकवते आहे. माझ्या मते दोघंही अर्धंच सांगतायत. शरीराच्या पदरात बरंच पडतं, पण लोक ते भलत्याच ठिकाणी शोधत बसतात. फोटोत दिसणारी आसनं, पाय डोक्यामागे नेलेला, हात पाठीमागे गुंफलेले, यांतून मिळणारा फायदा थोडा. खरी कमाई एका आसनातून दुसऱ्यात जाण्याच्या वाटेवर होते, आणि ती वाट तुम्ही किती सावकाश आणि कशा श्वासावर पार करता, यावर ती अवलंबून असते.

आधी मोजूनच पाहू. सुरुवातीचे सूर्यनमस्कार घ्या, ‘अ’ प्रकाराचे पाच आणि ‘ब’ प्रकाराचे पाच. ‘अ’मध्ये चतुरंग दंडासन एकदा येतं, ‘ब’मध्ये तीनदा. म्हणजे उभ्या आसनांना हात घालायच्या आधीच तुम्ही वीस वेळा अंग फळीसारखं ताठ धरून, कोपरं वाकवत, जमिनीकडे उतरवलेलं असतं. तितक्याच वेळा ऊर्ध्वमुख श्वानासन, म्हणजे हात ताठ करून छाती वर उघडणं, आणि तितक्याच वेळा अधोमुख, म्हणजे हातपाय टेकून कंबर वर उचलणं. पुढे बैठकीची आसनं सुरू झाली की जवळजवळ प्रत्येकाच्या मध्ये हात टेकून मागे उडी, पुन्हा चतुरंग, पुन्हा पुढे येणं. पहिली मालिका, म्हणजे या पद्धतीतला आसनांचा पहिला ठरलेला क्रम, पूर्ण केली तर हा आकडा चाळिशीच्या पुढे जातो. उद्यापासून रोज चाळीस जोर मारा, असं कोणी सांगितलं तर आपण दोनदा विचार करू. इथे ते दीड तासात विखुरलेले असतात आणि श्वासाला बांधलेले असतात, म्हणून होऊन जातात.

जोर आणि चतुरंग ही एकाच घरातली भावंडं वाटावीत इतकी जवळची आहेत. फरक उतरण्यात आहे. जोर मारताना शरीर झोका घेतं, त्या झोक्यात थोडी फुकटची मदत मिळते. चतुरंगात ती मदत काढून घेतलेली असते. एका पूर्ण उच्छ्वासावर, एकाच वेगाने, छाती आणि कंबर एकदम खाली यायला हवी. स्नायू आखडत असताना जेवढा भार पेलतो, त्यापेक्षा जास्त भार तो लांबत असताना पेलू शकतो. त्यामुळे सावकाश उतरणं हे स्नायूला बळ देणारं फार चांगलं काम आहे. ते दुखवणारंही तितकंच आहे. नवखा माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात वर करताना कळवळतो, ते या उतरण्यामुळेच. तेव्हा मित्राला एवढं सांगा की त्यालाही आधी वीस चतुरंगं एकाच वेगात, कंबर न लोंबू देता उतरून बघू दे. छाती, दंडाची मागची बाजू, खांद्याची पुढची बाजू आणि बरगड्यांच्या कडेला असलेला, खांद्याचं पातं पाठीला धरून ठेवणारा स्नायू, इतकी मंडळी तिथे कामाला लागतात. यातला शेवटचा स्नायू खुर्चीत बसणाऱ्यांचा हमखास झोपलेला असतो. तो जागा झाला की हात वर नेताना खांद्याला जी अडखळ जाणवते ती बऱ्याच जणांची कमी होते.

पण हेच आसन चुकीचं केलं तर खांदा खाऊन टाकतं, आणि हे मी स्वतःच्या खांद्यावरून सांगते आहे. तिसऱ्या वर्षी मला वाटायचं की जितकं खाली जाऊ तितकं चांगलं. छाती जमिनीपासून चार बोटांवर आणायची मी. तेवढं खाली गेलं की खांदे कोपरांच्याही खाली बुडतात, दंडाच्या हाडाचा गोळा पुढे ढकलला जातो आणि सगळा भार स्नायूंवरून उतरून खांद्याच्या पुढच्या भागातल्या कंडरांवर, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्यांवर, जातो. एका चतुरंगाने काही होत नाही. रोजच्या चाळिसांनी होतं. आधी उजव्या कुशीवर झोपलं की दुखायचं, मग आतल्या कपड्याचा हूक लावायला हात मागे जाईना. पाच महिने मी गुडघे टेकून चतुरंग केलं. आता मी दंड जमिनीला समांतर झाले की थांबते, त्याच्या खाली एक बोटही जात नाही, आणि शिकवतानाही तेच सांगते. ताकद कमी पडत असेल तर गुडघे टेकावेत. गुडघे टेकून केलेलं नीट चतुरंग आणि पाय ताठ ठेवून केलेलं बुडकं चतुरंग यांत मला पहिलं कधीही चालेल.

मनगटांचंही असंच. वर्ग संपल्यावर चटई लगेच गुंडाळू नका. घामाने उमटलेले तळव्यांचे ठसे पाहा. तर्जनीच्या मुळाशी, जिथे बोट तळव्याला मिळतं, तिथे ठसा फिका किंवा कोरडा असेल आणि मनगटाजवळची कड गडद ओली असेल, तर सगळं वजन तळव्याच्या टाचेवर जातंय. मनगटदुखीच्या ज्या तक्रारी माझ्याकडे येतात त्यांतल्या निम्म्याहून अधिक मी अशा ठशावरून ओळखल्या आहेत. बोटांची मुळं, विशेषतः अंगठ्याचं आणि तर्जनीचं, जमिनीत दाबली की मनगटावरचा ताण हलका होतो आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा हात कामाला लागतो. नीट टेकवलेल्या हातांना या पद्धतीत खूप मिळतं. पकड सुधारते, आणि प्रौढपणी आपण हातांवर वजन घेणंच सोडून दिलेलं असतं, ती सवय परत येते.

पायांबद्दल फार लिहीत नाही, कारण ते तुम्हाला जाणवतंच आहे. उत्कटासन (खुर्चीत बसल्यासारखं गुडघे वाकवून उभं राहणं) आणि वीरभद्रासन (एक पाय मागे ताठ, पुढचा गुडघा वाकवलेला) पाच-पाच श्वास धरलं की मांड्या पेटतात. स्नायू न हलता भार धरून ठेवतो तेव्हा त्या विशिष्ट कोनात ताकद चांगली वाढते. एका पायावरच्या आसनांनी घोट्याभोवतीचे छोटे स्नायू आणि तोल सांभाळणाऱ्या जाणिवा तल्लख होतात. तोल हा फायदा चाळिशीत कोणाला मोलाचा वाटत नाही. माझ्याकडे येणाऱ्या साठीच्या बायकांना वाटतो.

मधल्या भागाचं, म्हणजे पोट, कंबर आणि पाठीच्या पट्ट्याचं, मात्र सविस्तर सांगायला हवं. बसलेल्या स्थितीतून हात टेकून मागे उडी घेताना दोन गोष्टी घडतात. आधी हातांवर भार देऊन कुल्ले उचलावे लागतात, मग पाय मागे नेताना कंबर खाली पडू न देता रोखावी लागते. यात पोटाचे स्नायू मणक्याला सांभाळायचं काम करतात, आणि रोजच्या आयुष्यातही त्यांना तेच काम असतं. खाली वाकून जड वस्तू उचलताना, मूल कडेवर घेताना पाठीला हाच पट्टा लागतो. हे काम नीट होतंय का ते डोळ्यांपेक्षा कानांना आधी कळतं. पाय मागे टेकताना धप्प आवाज आला, तर पोटाने वेळेवर पकडलं नाही. आवाज जितका मऊ, तितका ताबा अधिक. मी वर्गात कधी कधी डोळे मिटून उभी राहते आणि नुसत्या आवाजावरून कोण दमलंय ते सांगते. दमलेल्या माणसाने पुढची उडी सोडून एकेक पाय टाकत मागे जावं. त्याने फायदा कमी होत नाही.

आता ताणाकडे येऊ, कारण मित्राचा मुद्दा तिथेच आहे. सात आठवड्यांत तुमची बोटं पोटरीवरून घोट्यापर्यंत आली असतील, तर त्याचा अर्थ मांडीमागचे स्नायू लांबले असा लावू नका. सुरुवातीच्या आठवड्यांत बदलतो तो मुख्यतः चेतासंस्थेचा पवित्रा. आधी ज्या ताणाला ती ‘बस, पुढे नको’ म्हणायची, तोच ताण ती आता सहन करू देते. ऊतकांत खरे बदल व्हायला महिने लागतात. हे कळलं की घाई कमी होते. शिवाय नुसतं लवचिक असणं हे काही वरदान नाही. ज्या कोनापर्यंत सांधा जातो, त्या कोनात तो धरून ठेवण्याची ताकद हवी. दमवणाऱ्या पद्धतीचा शांत, सैल पद्धतींपेक्षा मला जाणवलेला मोठा गुण हाच आहे. ताण आणि ताकद हातात हात घालून येतात. अधोमुख श्वानासनात मांडीमागचा भाग ताणला जातो त्याच वेळी खांदे आणि हात भार पेलत असतात. वीरभद्रासनात मागच्या पायाचा जांघेपाशी ताण येतो त्याच वेळी पुढची मांडी वजन धरते. जन्मतःच सैल सांध्यांची माणसं असतात, त्यांना तर मी ताणायला सांगतच नाही. त्यांनी दोन पावलं मागे राहावं आणि स्नायू आवळून धरावेत.

खुर्चीतल्या तुमच्या आठ-नऊ तासांचा थेट उतारा ऊर्ध्वमुख श्वानासनात आहे, फक्त तो पाठीच्या वरच्या भागातून यायला हवा. दिवसभर पुढे झुकलेली छाती उघडायची, जांघा मोकळ्या करायच्या. बहुतेक जण खांदे कानांशी आणून कमरेतून वाकतात आणि मग कंबर दुखते म्हणून योगाला दोष देतात. पायांची पाठ जमिनीत दाबा, मांड्या उचला, छातीचं हाड पुढे सरकवा. मान शेवटी.

वजनाचा प्रश्न. इथे मी स्पष्टच आकडे देते, कारण या बाबतीत लोकांची फार फसगत होते. शांत बसलेलं शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं त्याला १ मेट म्हणतात. ३ ते ६ मेटची हालचाल मध्यम धरतात, ६ च्या वरची जोरकस. संशोधक जो प्रमाणित तक्ता वापरतात त्याच्या २०११ च्या आवृत्तीत साधा हठयोग २.५ मेट, सूर्यनमस्कार ३.३ आणि पॉवर योग, म्हणजे असाच दमवणारा योग, ४ असा नोंदलेला आहे. त्याच तक्त्यात ताशी साडेपाच किलोमीटरच्या आसपास झपझप चालणं ४.३ आहे. सलग, वेगाने घातलेले सूर्यनमस्कार काही मोजमापांत ७ मेटच्या पुढे गेलेले आहेत, पण पूर्ण वर्ग त्या वेगाने चालत नाही. तेव्हा ४ हाच आकडा धरू. ६५ किलो वजनाच्या माणसाने सव्वा तास केलं तर साधारण ३२५ किलोकॅलरी खर्च होतात, आणि त्यातल्या ८० नुसतं बसूनही झाल्याच असत्या. हाती उरल्या २४५. आठवड्याचे चार वर्ग म्हणजे हजाराला थोडं कमी. एक किलो चरबीत सुमारे ७७०० किलोकॅलरी असतात. म्हणजे सात-आठ आठवड्यांत फार तर एक किलो, तेही खाणं तसूभर वाढलं नाही तर. त्यात दुखणारे, सावरणारे स्नायू सुरुवातीला पाणी धरून ठेवतात. त्यामुळे तुमचा काटा न हलणं अगदी अपेक्षित आहे. तुमचं काही चुकत नाहीये.

वर्गानंतर लगेच उभं राहून जे अर्धा-एक किलो कमी दिसतं, तो घाम असतो, दोन पेले पाण्यात परत येतो. घामातून विषारी द्रव्यं बाहेर पडतात हेही मनातून काढून टाका. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. घामाचं काम अंग गार ठेवण्याचं. मुद्दाम तापवलेल्या खोलीत केल्याने घाम वाढतो, ताकद वाढत नाही, आणि गरम शरीर गरजेपेक्षा जास्त ताणलं जाण्याची भीती असते.

मग हृदयाचं काय? जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस हालचाल सांगते, आणि शिवाय किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम. तुमचे चार वर्ग मिळून ३०० मिनिटं होतात. शेवटची शांत आसनं आणि शवासन वजा केलं तरी मध्यम हालचालीचा कोटा भरतो आणि बळ देणाऱ्या व्यायामाचाही बराचसा. पण हृदयाची वरची मर्यादा वाढवायची, म्हणजे धाप लागेपर्यंत पळाल्यावर जे घडतं ते हवं, तर ते या पद्धतीत पुरेसं घडत नाही. मनगटावरच्या घड्याळावर विसंबू नका. हात डोक्यावर धरून स्नायू आवळले, खोली उबदार असली, की नाडी वाढते, पण तेवढ्याने प्राणवायूचा खर्च त्या प्रमाणात वाढलेला नसतो. घड्याळ मात्र नाडीवरून हिशोब मांडतं आणि आकडा फुगवून दाखवतं.

रक्तदाबावर नियमित योगाचा परिणाम होतो. तो माफक असतो, पण खरा असतो. त्याच्या भरवशावर स्वतःहून गोळ्या बंद करू नयेत. झोप सुधारल्याचं मात्र माझ्याकडचे बहुतेक लोक दोन-तीन महिन्यांत आपण होऊन सांगतात, मी न विचारता.

आता श्वास. मला विचाराल तर या पद्धतीला वेगळं करणारी गोष्ट हीच. उज्जायी श्वासात घशाची वाट किंचित अरुंद करतो, नाकानेच घेतो, नाकानेच सोडतो, आणि एक बारीक घासल्यासारखा आवाज येत राहतो. त्या अडथळ्यामुळे श्वास लांबतो आणि समान राहतो. उच्छ्वास चालू असताना हृदयाचा ठोका किंचित संथ होतो, हे कोणालाही मनगटाची नाडी धरून, लांब श्वास सोडत, स्वतः पडताळता येईल. कष्टाच्या ऐन मध्यावर उच्छ्वास लांब ठेवता येणं ही शारीरिक कमाई आहे. जिना चढताना, घाबरल्यावर, वेदनेत, शरीर तीच सवय वापरतं. शिवाय श्वास हा तुमचा मोजमापाचा काटा आहे. आवाज तुटला, तोंड उघडलं, श्वास रोखला गेला, की समजावं, आज इथपर्यंतच. मी विद्यार्थ्यांना आसन सुधारायला जितक्या वेळा सांगत नाही तितक्या वेळा श्वास ऐकायला सांगते. ज्यांनी ते मानलं, ते वर्षानुवर्षं टिकले. पुढचं आसन पटकन मिळावं म्हणून ज्यांनी श्वास गिळला, त्यांतले कितीतरी दीड-दोन वर्षांत काही ना काही दुखवून निघून गेले. त्यांची मला अजून हळहळ वाटते, कारण त्यांच्यात जिद्द भरपूर होती.

‘दुसऱ्या कशाची गरज नाही’ या दाव्याशी माझं भांडण आहे ते यासाठी, की या पद्धतीत ढकलणं भरपूर आहे आणि ओढणं जवळजवळ नाहीच. हातांनी जमीन ढकलता, वीस वेळा, चाळीस वेळा. पण काही स्वतःकडे खेचणं, लोंबकळणं, वर चढणं? नाही. त्यामुळे पाठीचा वरचा भाग आणि दंडाचा पुढचा स्नायू मागे राहतात, आणि पुढच्या-मागच्या बाजूंचा हिशोब जुळत नाही. माझा खांदा पूर्ण बरा झाला तो मी आठवड्यातून दोनदा आडव्या दांड्याला लोंबकळायला आणि रबरी पट्टा छातीकडे ओढायला लागले तेव्हा. पंधरा मिनिटांचं काम आहे. ते तुम्ही आजपासून सुरू करा. आणि तुमच्या मित्राकडे नेमकं हेच शिकण्यासारखं आहे, त्याला सोबत घ्या.

दुसरी उणीव मांडीच्या मागच्या बाजूची. पहिल्या मालिकेत पुढे वाकण्याची आसनं एकामागून एक येतात. मांडीमागचा स्नायू रोज ताणला जातो, पण त्याला भार उचलायला फारसं कोणी लावत नाही. काही महिन्यांनी काहींना कुल्ल्याच्या तळाशी, बसताना ज्या हाडावर आपण टेकतो तिथे, खोल, एका ठिकाणी बोट ठेवता येईल असं दुखू लागतं. खुर्चीत बराच वेळ बसलं की ते वाढतं. अशा वेळी ‘अजून ताणलं की सुटेल’ हा सल्ला मिळतो आणि तो नेमका उलटा आहे. तिथली कंडरा हाडावर दाबली जाऊन चिडलेली असते. ताणल्याने ती आणखी दाबली जाते. गुडघे वाकवून पुढे या, कमी खोल वाका, आणि सेतुबंधात, म्हणजे पाठीवर पडून गुडघे वाकवून कंबर उचललेली असताना, टाचा हळूहळू पुढे सरकवत नेणं, परत आणणं, असं बळ देणारं काम करा. कंडरा स्नायूंपेक्षा फार सावकाश सुधारतात. आठवड्यांचा हिशोब इथे चालत नाही, महिन्यांचा धरावा. मांडीच्या मध्यावर, सगळीकडे पसरलेलं, दोन दिवसांत जाणारं दुखणं वेगळं. त्याची काळजी नको.

गुडघा ही तिसरी जागा. तो मुख्यतः बिजागरीसारखा चालतो. पद्मासनात पाय वळवायचा तो खुब्यातून. खुबा वळला नाही आणि पाऊल हाताने ओढून मांडीवर ठेवलं, तर तेवढा पीळ गुडघ्याला सोसावा लागतो. गुडघ्याच्या आतल्या बाजूला टोचलं की त्याच क्षणी पाय सोडा. दहा वर्षांनी पद्मासन आलं तरी चालेल, कधीच नाही आलं तरी चालेल. खुब्याच्या हाडांची ठेवण माणसागणिक वेगळी असते.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ही रचना ज्या परंपरेतून आली, ती टी. कृष्णमाचार्यांनी १९३० च्या दशकात म्हैसूरच्या राजाश्रयाखाली शिकवलेली, आणि समोर बरीचशी मुलं आणि तरुण असायचे. त्यांचे शिष्य पट्टाभि जोईस यांनी पुढे ती अष्टांग विन्यास म्हणून जगभर नेली. त्याच गुरूंचे दुसरे शिष्य बी. के. एस. अय्यंगार यांनी ठोकळे, पट्टे, खुर्च्या वापरून आसन माणसाच्या मापाचं केलं. दोघांचाही मला आदर आहे, आणि मी दोन्हीकडून घेते. चाळिशीतल्या, खुर्चीत बसणाऱ्या शरीराने पंधरा वर्षांच्या मुलाचा वेग आणि खोली जशीच्या तशी उचलावी, असं गुरुभक्तीच्या नावाखालीही मला पटत नाही. हाताखाली ठोकळा घ्या, गुडघा वाकवा, मालिका अर्धी करा. सूर्यनमस्कार आणि उभी आसनं, एवढ्यानेच मी वर लिहिलेल्या फायद्यांतला बराचसा भाग मिळतो.

हाडांचं विचारलं नाहीत, तरी सांगते, कारण तुमच्या घरी हे वाचणारं कोणी असेल. हातापायांवर वजन घेतल्याने हाडांना काम मिळतं हे बरोबर. पण हाड विरळ झालं असेल, तर खोल पुढे वाकणं आणि जोराचे पीळ मणक्याला धोक्याचे आहेत, दबून फ्रॅक्चर होऊ शकतं. काचबिंदू असणाऱ्यांनी शीर्षासन करू नये. त्या आसनात डोळ्यातला दाब साधारण दुप्पट होतो हे मोजलेलं आहे. रक्तदाब ताब्यात नसेल तर उलटी आसनं नकोत. पाठीतून पायात कळ जात असेल, किंवा गरोदरपणात ही पद्धत नव्याने सुरू करायचा विचार असेल, तर आधी डॉक्टरांशी बोलावं.

तुमच्या आठवड्याची मांडणी मी अशी करीन. चार वर्गांऐवजी तीन. त्यांतला एक पूर्ण ताकदीचा, दोन अर्ध्या मालिकेचे आणि सावकाश. दोन दिवस ओढण्याचं काम, पंधरा-वीस मिनिटं. एक दिवस धाप लागेल असं चालणं, पळणं किंवा सायकल, अर्धा तास. एक दिवस काहीच नाही, आणि ते काहीच नाही मनापासून. शवासन दहा मिनिटांचं ठेवा, घाई असली तर मधली दोन आसनं सोडा पण ते नको. या मांडणीत बारा आठवडे गेले की वजनाकडे न बघता हे बघा: चतुरंगात दंड समांतर झाल्यावर तिथेच तीन श्वास थांबता येतं का, जमिनीवरून हात न टेकता उठता येतं का, आणि वर्गाच्या शेवटच्या दहा मिनिटांत उज्जायीचा आवाज पहिल्या दहा मिनिटांसारखाच येतो का.

आणि उद्या चटईवरचे ठसे बघितलेत की मला लिहा. उजव्या आणि डाव्या हाताच्या ठशांत फरक असेल तर तोही. माउस धरणाऱ्या हाताचा खांदा बऱ्याचदा पुढे आलेला असतो आणि तो तळवा बाहेर वळतो, तसं असेल तर चतुरंगाआधी करायची एक वेगळी तयारी सांगता येईल.